पन्नाशीच्या बॅचमेटना 'सध्याचे पद' विचारावं का?

उदयगिरी_८८

आमची बॅच १९८८ साली मराठवाड्यातल्या एका नवोदय विद्यालयात सहावीला दाखल झाली आणि १९९५ ला बारावी होऊन पांगली. आता बहुतेकजण पन्नाशीला टेकलेत. दिवाळीनंतर स्नेहमेळावा ठरलाय. त्यात स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यासाठी ग्रुपवर एक गूगल फॉर्म आलाय. रकाने असे: नाव, हाऊस, शिक्षण, सध्याचे पद, कंपनी किंवा खाते, उल्लेखनीय यश, जोडीदार काय करतात, मुलं काय करतात. सगळ्यात खाली 'शाळेविषयी दोन शब्द'.

माझं म्हणणं सरळ आहे. पद, यश आणि मुलांचं करिअर हे तीन रकाने काढून टाकावेत.

फॉर्म आला त्या संध्याकाळी ग्रुपवर नुसता उत्साह होता. पहिले परिचय कुणाचे आले असतील ते सांगायला नको. एक कर्नल, एक उपजिल्हाधिकारी, एक न्यू जर्सीत, एक हिंजवडीत डायरेक्टर, एकीचं स्वतःचं हॉस्पिटल. टाळ्या, गुच्छ, 'प्राऊड ऑफ यू'. दुसऱ्या दिवसापासून ग्रुप थंड. रोज सकाळी न चुकता विठ्ठलाचा फोटो टाकणारेसुद्धा गप्प झाले. त्यातला एक ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे. एकाचं कृषी सेवा केंद्र उधारीत बुडालं. एकजण विनाअनुदानित शाळेवर शिकवता शिकवता पिकला, अजून वीस टक्के अनुदानाच्या टप्प्यावर आहे. या तिघांनी 'उल्लेखनीय यश' या रकान्यात काय भरायचं?

कुणी म्हणेल, हे कुठल्याही शाळेच्या ग्रुपवर होतं. होतं, पण आमच्यासारख्या निवासी शाळेत ते जास्त लागतं. गावातल्या शाळेत कुणाचा बाप सावकार आणि कुणाचा सालगडी हे पहिलीपासून माहीत असतं. नवोदयमध्ये ते पुसलं गेलं होतं. प्रत्येक तालुक्यातून परीक्षा देऊन निवडलेली पोरं, त्यातली किमान ७५ टक्के ग्रामीण भागातली. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं फुकट. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल, बूट पॉलिशची डबी, सगळं सरकारी. महिन्याचं सामान वाटायचे तेव्हा तहसीलदाराचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा एकाच रांगेत उभे असायचे, आणि दोघांच्या हातात त्याच रंगाची साबणाची वडी पडायची. पत्र्याच्या पेटीला कुलूप कुणाचं मोठं, एवढाच काय तो फरक. सात वर्षं आम्ही असे राहिलो. आता तोच वर्ग पगाराच्या उतरत्या क्रमानं लावायचा, आणि वर त्याला स्नेहमेळावा म्हणायचं?

माझी सूचना: नाव, गाव, फोन, रक्तगट आणि 'कोणत्या कामात मला हाक मारली तर चालेल' एवढंच विचारा. सहमत नसाल तर सांगा, पण 'घेणाऱ्यानं प्रेरणा घ्यावी' हे ऐकवू नका. ते ग्रुपवर ऐकून झालंय.

---

शेवटचा_बाक

+१. मी ग्रुप म्यूट करून बसलोय. मजेत आहे.

---

हळदवाला

मी नवोदयचाच, दोन वर्षं मागचा, म्हणजे दादा तुमचा ज्युनियर. शाळा वेगळी. वसमतकडं शेती आहे, हळद आणि सोयाबीन.

दादा, राग मानू नका, पण तुमचा धागा वाचून मला त्या कर्नलच्या परिचयापेक्षा जास्त लागलं. ड्रायव्हर, दुकान बुडालेला, विनाअनुदानित मास्तर, या तिघांना तुम्ही विचारलं का की तुमच्या वतीनं मी बोलू का? आमच्याही ग्रुपवर असाच फॉर्म आला होता. मी भरला. पद: शेतकरी. खाते: स्वतःचं. यश: सात एकर अजून नावावर आहे. यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही तो रकाना काढला की त्याचा अर्थ असाच होतो की माझं उत्तर चारचौघांत सांगण्याजोगं नाही.

मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. कर्नलला टाळ्या, डॉक्टरीणबाईंना गुच्छ, आणि माझ्या परिचयाखाली एक नमस्काराचा हात. झालं. एकानंही विचारलं नाही की हळदीला यंदा करपा किती आला, शिजवायला कुकर भाड्यानं घेतोस का घरचा आहे, सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ असताना मोंढ्यात तुला काय मिळाला. ज्याच्याबरोबर मी सात वर्षं एका खोलीत झोपलो, त्याला मला विचारायला एक प्रश्न सुचू नये? त्या डायरेक्टरला मात्र 'कोणत्या डोमेनमध्ये?' म्हणून चौघांनी विचारलं.

रकाना ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचायला शिकवा.

---

खजिनदार

मी आमच्या बॅचचा हिशेब बघतो, त्यामुळे माझं मत कोरडं वाटेल.

'सध्याचे पद' हा रकाना मिरवायला नसतो, उपयोगाला असतो. आमच्यातल्या एकाच्या दोन्ही किडन्या गेल्या. घरी बायको आणि शाळकरी मुलगी. त्याला स्वतःला काही सुचत नव्हतं. आमच्याकडे यादी होती, यादीत पद होतं, म्हणून तासाभरात कळलं की मंत्रालयात कोण आहे, धर्मादाय रुग्णालयात सोशल वर्करच्या जागेवर कोण आहे आणि जिल्हा रुग्णालयात कोण. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, महात्मा फुले योजनेची मंजुरी, प्रत्येक कागदामागे एक बॅचमेट उभा राहिला. तुमच्या फॉर्मप्रमाणे नुसतं नाव, गाव आणि रक्तगट असतं तर आम्ही रक्त दिलं असतं, आणि अर्ज मात्र टेबलावर पडून राहिला असता.

'कोणत्या कामात हाक मारली तर चालेल' हा रकाना ऐकायला गोड आहे. लोक तिथं 'कधीही, कशालाही' लिहितात आणि फोन उचलत नाहीत.

---

पूर्वाश्रमीची

मुलींच्या बाजूचं कुणी बोलेल म्हणून वाट बघितली. नाही बोललं कुणी.

नवोदयमध्ये किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या. म्हणजे तुमच्या वर्गातही आम्ही होतो. ऑर्कुट आलं तेव्हा मुलांनी एकमेकांना आठवड्याभरात शोधून काढलं. आम्ही सापडलो नाही, कारण आम्ही त्या नावानं राहिलोच नव्हतो. सगळ्यांचीच आडनावं बदललेली, दोघींची तर लग्नात पहिली नावंही बदलली. सासरच्या आडनावानं मला कोण शोधणार? २०१४ ला ऑर्कुट बंद पडलं, फेसबुक आलं, ग्रुप निघाले, तरी आमच्यातल्या निम्म्या बेपत्ताच होत्या. मी सापडले ती भावाच्या मित्राच्या मेव्हण्यामुळे.

मग ग्रुपवर घेतलं, आणि ॲडमिननं मला न विचारता यादीत माझ्यापुढे लिहिलं, 'गृहिणी'. मी घरात असते, खरं आहे. पण गल्लीतली आणि आसपासच्या तांड्यावरची पोरं मी नवोदयच्या परीक्षेला बसवते. ही परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी नसते, म्हणून पाचवीतल्या पोराला जूनपासून धरावं लागतं. मानसिक क्षमतेच्या आकृत्या, कागदाची घडी घालून भोकं पाडली तर उघडल्यावर कशी दिसतील, हे मी आजही पाटीवर न काढता सांगते. नवरा एसटीत कंडक्टर आहे. त्याच्या रिकाम्या तिकिटांच्या रोलवर पोरं घड्या घालायला शिकतात.

हे 'पद' या रकान्यात मावत नाही, मान्य. म्हणून रकाना काढा म्हणता? मी म्हणते, मोठा करा. अर्धं पान द्या. बारावीनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला 'तू काय करतेस' असं लेखी विचारलंय, आणि तुम्ही तोच प्रश्न खोडायला निघालात.

---

मायग्रेशनवाला

फॉर्ममध्ये आणखी एक घोळ. नववीत आपल्या वर्गातली ३० टक्के पोरं हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवत आणि तिकडची आपल्याकडे येत. मी तिकडे जाऊन आलो. तिथल्या पोरांनी मला हिंदी शिकवलं, मी त्यांना ठेचा खायला शिकवला. माझे सगळ्यात जवळचे दोघं त्या वर्गातले आहेत. ते कुठल्याच बॅचच्या यादीत बसत नाहीत. त्यांना कोण बोलावणार?

---

जर्सीकर

'एक न्यू जर्सीत' म्हणून माझ्यासारख्यांना धाग्यात उभं केलंच आहे, तर दोन शब्द.

मी नवोदयचा नाही, कोल्हापूरकडच्या एका निवासी शाळेचा. २०१५ ला इकडे आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून आहे. गेल्या वर्षी कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, नाहीतर चंबूगबाळं आवरा. मुलगी बारावीला. त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर असा परिचयाचा फेरा सुरू झाला. मी काय लिहिलं? 'प्रिन्सिपल आर्किटेक्ट.' खाली टाळ्या पडल्या. एकानं पुतण्याचा बायोडेटा पाठवला, तुझ्या कंपनीत बघ म्हणून.

म्हणजे पद लिहिणारा वर आणि न लिहिणारा खाली, हे धागाकर्त्यांचं गणित तितकं सोपं नाही. वरचाही बऱ्याचदा जुनं व्हिजिटिंग कार्ड दाखवत असतो.

इथं हार्वर्डवाल्यांची एक पद्धत आहे. दर पाच वर्षांनी प्रत्येक बॅचचं लाल पुस्तक निघतं. त्यात माजी विद्यार्थी आपापल्या शब्दांत मजकूर लिहितात. कुणी घटस्फोटाबद्दल लिहितं, कुणी मुलाच्या आजारपणाबद्दल, कुणी बागेबद्दल. रकाने पाडलेत म्हणून माणसं हुद्दा लिहितात. कोरा कागद द्या.

---

डॉ_ओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि स्वतः वसतिगृहात वाढलोय. धागाकर्त्यांशी सहमत, पण कारण वेगळं.

अकराव्या वर्षी घर सोडलेलं मूल एक गोष्ट पटकन शिकतं: वाईट बातमी घरी कळवायची नाही. आठवा, आंतरदेशीय पत्र. 'ती. बाबांस सा. न. वि. वि. मी इकडे मजेत आहे. अभ्यास चांगला चालू आहे. काळजी नसावी.' ताप असला तरी हेच, रात्रभर रडून झालं तरी हेच. काही ठिकाणी पत्र हाऊसमास्तर वाचत, त्यामुळे दुसरं लिहिणं शक्यही नसे. ते पत्र आपण पन्नाशीतही लिहितोय. पद, यश, मुलं सेटल, काळजी नसावी. जर्सीकरांनी वर जे लिहिलंय ते याचंच उदाहरण आहे, आणि ते त्यांनी इथं अनोळखी लोकांत लिहिलं, ग्रुपवर नाही, हेही बघा.

ब्रिटनमध्ये जॉय शावेरियन या मानसोपचारतज्ज्ञांनी यालाच 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' म्हटलंय. लहानपणी घरापासून तुटलेली मुलं मोठेपणी वरून भक्कम दिसतात आणि आतलं जवळच्या माणसालाही सांगत नाहीत. अशा माणसांपुढे 'उल्लेखनीय यश' असा रकाना ठेवणं म्हणजे त्यांना पुन्हा मुखवटा चढवायला लावणं.

---

हळदवाला

डॉक्टरसाहेब, इंग्रजांची लेकरं मखमली गादीवरून उचलून बोर्डिंगात टाकली, त्यांचं दुःख असेल. आमचं तसं नव्हतं. दूध आणि अंडं ठरल्या वारी मिळतंय हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. आई भेटायच्या रविवारी यायची तेव्हा माझ्याकडं बघून म्हणायची, अंग धरलंस रे. रडलो ते सुट्टी संपल्यावर शाळेत जाताना, आणि बारावी झाल्यावर शाळेतून निघताना तर त्याहून जास्त. उगी सगळ्यांना एका रोगात बसवू नका.

पत्राचं मात्र खरं आहे.

---

शेवटचा_बाक

अंडं ठरल्या वारी? आमच्या मेसमध्ये खिचडी ठरल्या वारी होती आणि बाकीचे वारही तिचेच होते.

---

रोल_नंबर_२७

मी नाव, शाळा, जिल्हा काही सांगणार नाही.

मला ज्यानं आठवी-नववीत रात्री उठवून कपडे धुवायला लावले, पट्ट्यानं मारलं, तो आमच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. मेळाव्याचा मुख्य संयोजकही तोच. त्यानं परवा खासगी मेसेज केला: 'भावा, तुझा परिचय आला नाही, तूच राहिलास.' शेवटी हसरा चेहरा.

तुम्ही इथं रकाना ठेवायचा का काढायचा यावर भांडताय. माझा प्रश्न वेगळा आहे. परिचय न पाठवण्याचा हक्क आहे का नाही? आमच्याकडे जो पाठवत नाही त्याचं नाव रोज लाल अक्षरांत ग्रुपवर येतं, 'बाकी असलेले' म्हणून.

---

पूर्वाश्रमीची

२७, तुमची माहिती कुणालाही देऊ नका. आणि मेळाव्याला जायलाच हवं असं काही नाही, कुणी कितीही आठवणींचा हवाला दिला तरी. मी वर अर्धं पान मागितलं ते ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी.

---

उदयगिरी_८८

बरेच मुद्दे आलेत, जमेल तसं उत्तर देतो.

खजिनदार, तुमची यादी आणि माझा आक्षेप यांची गल्लत होतेय. फोन आणि खातं असलेली यादी दोघा-तिघा जबाबदार माणसांकडे जरूर असावी, अडल्यानडल्याला लागते. मी बोलतोय ते छापून वाटायच्या आणि पाहुण्यांच्या हातात द्यायच्या स्मरणिकेबद्दल. आमच्याकडे फॉर्मच्या खाली स्पष्ट लिहिलंय, 'निवडक परिचय फोटोसह पूर्ण पान'. निवडक कोण ठरवणार, कशावरून ठरवणार? उपजिल्हाधिकाऱ्याला पूर्ण पान आणि ड्रायव्हरला नावापुरती ओळ, हे संपादक मंडळानं ठरवूनही टाकलंय.

हळदवाले, तुम्ही लिहू शकलात, कारण सात एकर नावावर आहे. ज्याचं गेलं, तो काय लिहील? आणि हो, मी त्या तिघांपैकी दोघांशी फोनवर बोलूनच धागा काढला. एक म्हणाला, 'मेळाव्याला येतो, पण पुस्तकात घालू नका.' दुसऱ्यानं विषय बदलला. त्यांच्या वतीनं बोलणं म्हणजे कीव, असं मला वाटत नाही.

पूर्वाश्रमीची, अर्ध्या पानाचं मनापासून पटलं. पण मग सगळ्यांना तेच अर्धं पान, कर्नललाही आणि तुम्हालाही. त्यात फोटो नको, हुद्दा ठळक अक्षरात नको. हे संपादकांना पटवणं अवघड आहे. जाहिराती हुद्देवाल्यांकडून येतात.

२७, आमच्या ग्रुपवरही 'बाकी असलेल्यांची' यादी रोज पडते. आज ती बंद करायला सांगतो.

---

सातारचा_सत्तरीतला

मी साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. १९६१ ला सुरू झालेलं, देशातलं पहिलं. त्याच दशकात मी तिथून बाहेर पडलो. तुम्ही सगळे पोरं आहात म्हणून सांगतो.

पन्नाशीला आमच्याकडेही हेच झालं. कोण कितव्या रँकला, कुणाला पदक, कुणाचा मुलगा एनडीएत. जे सैन्यात गेलेच नाहीत ते कोपऱ्यात चहा पीत उभे. साठीला रँकपुढे 'निवृत्त' लागलं आणि आवाज जरा खाली आला. आता आम्ही भेटतो तेव्हा गुडघा बदलला का, मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा, बायको आहे ना, एवढंच विचारतो. तेव्हा पद लिहायचंय त्यांना लिहू द्या हो, फार दिवस टिकत नाही ते.

पण एक काम आत्ताच करा, आम्ही उशिरा केलं. जे गेले त्यांचे परिचय कोण लिहिणार? आम्ही ठरवलं, गेलेल्याच्या शेजारच्या कॉटवर जो झोपायचा त्यानं लिहायचं. त्यात हुद्दे आलेच नाहीत. 'मच्छरदाणी लावताना माझीही लावून द्यायचा', 'गणितात नापास झाला की मोठ्यानं हसायचा', असलं काहीबाही आलं. तुमच्या बॅचमध्येही गेले असतील काही. त्यांच्या घरच्यांना फोन करायला घ्या.

---

खजिनदार

काका, हे बॅचला सांगतो. आमचे चौघं गेलेत. त्यातल्या दोघांच्या घरचा पत्ताही आमच्या यादीत नाही.

धागाकर्त्यांना मात्र अजूनही पटवायचंय: यादी जर 'जबाबदार माणसांकडे' ठेवली, तर ते जबाबदार म्हणजे पुन्हा तेच, कलेक्टर कचेरीतले आणि पुण्यातले. गुप्त यादीपेक्षा उघडी बरी.

---

जर्सीकर

उघडी यादी असती तर मी दुसरंच काहीतरी खोटं लिहिलं असतं.

---

हळदवाला

रकान्याचं राहू द्या, मला दुसरं दिसतंय. दादा, तुमचा मेळावा दिवाळीनंतर कुठं आहे? आमचा लोणावळ्याला रिसॉर्टवर ठेवलाय, माणशी साडेतीन हजार, प्रवास वेगळा. तारीख दिवाळीच्या सुट्टीच्या हिशेबानं. त्या वेळेला आमचं सोयाबीन खळ्यावर असतं, थ्रेशरचा नंबर लागलेला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर. ट्रॅव्हल्सवाल्या ड्रायव्हरचाही तोच सीझन. गाडी सोडून कसा येईल तो? स्मरणिकेत काय छापायचं यावर तुम्ही इतकं भांडला, पण ज्यांच्यासाठी भांडला ते त्या दिवशी येऊच शकणार नाहीत.

आमच्या ग्रुपवर मी लिहिलंय: शाळेतच घ्या, मे महिन्यात, मुलं सुट्टीवर असताना. प्राचार्यांची परवानगी काढा, डॉर्मिटरीत गाद्या टाकून झोपू, स्वयंपाकाला जुने मेसवाले काका आहेत अजून. वर्गणी पाचशे. कर्नल म्हणाले, मे मध्ये ऊन फार असतं तिकडं.

तुमच्या रिसॉर्टचा ॲडव्हान्स गेलाय का? गेला नसेल तर आज रात्रीच ग्रुपवर विषय काढा. एकदा पैसे भरले की मग कुणी ऐकत नाही.